फडक्याखालचा हात

आमच्या कारखान्यात नवं डिझाइन पास करायची एक पद्धत आहे. टेबलावर दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. एक खऱ्या लाकडाची, दुसरी आमच्या लॅमिनेटची, म्हणजे साध्या फळीवर नवी शीट चिकटवलेली. दोन्ही आदल्या दिवसापासून एकाच खोलीत असतात, म्हणजे एक गार आणि एक कोमट असं होत नाही. वर एक जुनी चादर टाकायची. मग एकेकाने पुढे यायचं, डोळे मिटायचे, चादरीखाली हात घालायचा आणि लाकूड कुठलं ते सांगायचं. अकाउंटवाले, शिपाई, प्रेसवरचे लोक, सगळ्यांनी. चादर असताना आणखी डोळे कशाला मिटायचे, असं मी शेठना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, डोळा उघडा असला ना, की हात कामचोर होते." फसणारे जास्त निघाले की माल पास आणि पेढे.

माझा नंबर सगळ्यांत शेवटी. डिझाइन माझंच असतं, त्यामुळे माझं मत धरत नाहीत, ती नुसती गंमत असते. कारण मी फसत नाही. इथे लागल्यापासून एकदाही फसले नव्हते. भाजीवालीकडची कोवळी मेथी हाताला कळावी तसं मला ते कळायचं, आणि "डावी" किंवा "उजवी" असं सांगून मी मोकळी व्हायचे. प्रेसचे फोरमन म्हणायचे, "मॅडम ज्या दिवशी फसतील त्या दिवशी प्रेसच्या स्टीलच्या प्लेटला पालवी फुटेल." मला हे ऐकायला आवडायचं. कुणाला रूपाचा गर्व असतो, कुणाला पोरांच्या मार्कांचा. मला माझ्या बोटांचा होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

या थंडीत आम्ही फणसाचं डिझाइन केलं. माझ्या माहेरच्या वाडीतला फणस मागे वादळात पडला होता. भावाने त्याच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या, त्यांतली एक मी मागून आणली. सागवान सगळेच करतात. फणसाचा पिवळा रंग आणि मग वर्षागणिक तो काळपट होत जाणं, ते मला कधीपासून करायचं होतं. नमुन्याची छोटी प्लेट झाली, शीट दाबून झाली, टेबल मांडलं, चादर आली. सगळे फसत गेले. माझा नंबर आला तेव्हा लोक आधीच हसत होते, कारण मी फसणार नाही हे ठरलेलंच होतं.

मी डोळे मिटले. डावीवर हात फिरवला, मग उजवीवर. मग पुन्हा डावीवर. मला काहीच कळेना. दोन्ही फळ्या सारख्याच लागत होत्या. मी उगाच जरा वेळ काढला, आणि मग अंदाजाने म्हटलं, "उजवी."

चादर काढली. उजवीकडे शीट होती.

टाळ्या पडल्या. फोरमननी खरंच टेबलाच्या कडेला हात लावून पालवी शोधल्याचं नाटक केलं. शेठ खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, "बस, मॅडम. आता काय बाकी नाय. तुम्ही पन फसले म्हणजे दुनिया फसली." पेढे आले. मी हसले, पेढा घेतला आणि तो मी खाऊ नये हे विसरून खाल्ला.

पण माझ्या फसण्याचे दोनच अर्थ होते. एक तर जन्मभर जे करायला धडपडत होते ते माझ्या हातून झालं होतं. नाहीतर माझी बोटं गेली होती. आणि मला मधुमेह आहे.

लोकांना वाटतं, लाकडाची नक्कल डोळ्यांसाठी करायची असते. डोळ्यांना फसवणं सोपं असतं. लाकूड स्कॅन करायचं, कागदावर छापायचं, कोणीही करतं. खरी मारामारी हाताशी असते. शीट गरम प्रेसमध्ये दाबतात तेव्हा तिच्यावर स्टीलची प्लेट असते, आणि प्लेटवर जे उंचसखल कोरलेलं असतं ते शीटवर उमटतं. कागदावर जिथे रेष छापली आहे तिथेच ती हाताला लागली पाहिजे. केसभर सरकली तरी डोळा काही बोलत नाही, पण हात लगेच म्हणतो, काहीतरी खोटं आहे. शिवाय लाकूड सगळीकडे सारखं नसतं. गाठीजवळ रेषा दाटतात, पुढे निवळतात. हात एका दिशेने नेला तर मऊ जातो, उलटा आणला तर किंचित अडतो. माझी सगळी वर्षं त्या किंचित अडण्यात गेली. चादरीखाली मी नेहमी तेच शोधायचे. खऱ्या लाकडात ते सापडायचं आणि आमच्या शीटमध्ये ते जरा जास्त नाहीतर जरा कमी व्हायचं. त्या दिवशी ते मला दोन्हीकडे सारखं लागलं, की कुठेच लागलं नाही, हे आठवून आठवूनही ठरेना.

आता आईचं सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कुणाला फार वाटेल.

वसईला समुद्राच्या अंगाला आमची वाडी. केळी, पानवेली, थोडा मोगरा. आई दिवसभर वाडीत अनवाणी असायची. मधुमेह होता, पण त्याचं तिला काही वाटायचं नाही. एकदा मी माहेरी गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर मी आत आडवी झाले होते, तर आई ओटीवरून ओरडली, "पाय न धुता कोण आला गो घरात?" मी बाहेर येऊन पाहिलं. ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत लादीवर तांबडे डाग पडले होते. आई चिडून ओलं फडकं घेऊन ते पुसत होती आणि कुणाला तरी शिव्या घालत होती. पुसत ती पुढे सरकायची आणि तिच्या मागे नवे डाग पडायचे.

मी तिला धरून पाटावर बसवलं, पाय उलटा केला. तळव्यात बाटलीची काच गेली होती, बोटाएवढी. कधी गेली तिला माहीत नव्हतं. सकाळी ती वाडीला पाणी सोडायला गेली होती, तेव्हाच गेली असणार. आईने काचेकडे असं पाहिलं जसं ती शेजारणीच्या पायात गेली आहे. "मना काय लागलाच नाय गो," ती म्हणाली. जखम चिघळत गेली. आधी पायाचा अंगठा कापला. मग गुडघ्याखाली पाय. त्यानंतर वाडीत पाणी सोडायला भाऊ जायचा आणि आई ओटीवर बसून त्याला कुठल्या पाटात पाणी गेलं नाही ते सांगायची. ती गेली तेव्हाही तिला त्या पायाचं दुखणं असं कधी झालंच नव्हतं, आणि मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती त्याचीच.

म्हणून माझी साखर निघाली त्या दिवसापासून मी रोज अंघोळीनंतर पाय बघते. बसायचं, आरसा खाली धरायचा, तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा. नवरा म्हणतो, "इतकं मी माझं तोंडही आरशात बघत नाही." म्हणू दे. पाय माझे स्वच्छ होते, एक भेग नव्हती. त्यामुळे त्या पेढ्याच्या दिवसानंतर मला पायांची काळजी नव्हती. सगळी भीती हातांत येऊन बसली होती.

घरी मी चोरून परीक्षा घ्यायला लागले. डब्यात तांदूळ आणि मूगडाळ एकत्र करायची, डोळे मिटून निवडायची. निवडता यायची. मग वाटायचं, डाळ तर कुणालाही कळेल. मग रवा आणि बारीक रवा. मग चादरीच्या उलट्या आणि सुलट्या बाजू. पोळपाटावर हात फिरवत बसायचे, तर पोळी तव्यावर करपायची. एकदा नवऱ्याने दाढी केल्यावर मी त्याच्या गालावरून हात फिरवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. त्याला आधी बरं वाटलं. मग त्याने माझं तोंड पाहिलं.

"काय गं, झालंय काय तुला?"

"काही नाही. दाढी नीट झालेली नाही तुमची."

"ते सोड. तू हल्ली आंधळ्यासारखी घरभर चाचपत असतेस. आणि चप्पल जिन्यात टाकून वर येतेस. काल खालच्या वहिनी आणून देत होत्या."

"पट्टा सैल झालाय तिचा," मी म्हटलं. "किती दिवस सांगतेय, तुळिंजच्या मार्केटात चांभाराकडे टाका म्हणून."

शेवटी मीच टाकली. मार्केटच्या तोंडाशी जो चांभार बसतो त्याने चप्पल हातात घेऊन बघितली, मला पायात घालायला लावली आणि म्हणाला, "ताई, पट्टा टाइटच आहे. अजून कसला तर काटेगा." मी म्हटलं, तू कस, काटेल तेव्हा बघू. त्याने खांदे उडवले आणि दोन टाके घातले. मला त्या वेळी चपलेचं कौतुक नव्हतं. मी त्याच्या पेटीतल्या चामड्याच्या तुकड्यांवरून बोट फिरवून बघत होते, खरबरीत बाजू कळते का. कळली असं वाटलं. पण वाटणं आणि कळणं यांतला फरक मला त्या दिवसांत राहिला नव्हता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. कारखान्यात टेबलं, दारं, लिफ्ट, जिथे शीट दिसेल तिथे मी हात लावायचे. वर्षानुवर्षं मी केलेली डिझाइनं वसई-विरारभर लोकांच्या कपाटांवर चिकटलेली आहेत. कुणाच्या घरी गेले की मी आधी दाराला हात लावते, ही माझी जुनी खोड आहे, लोक हसतात. आता ते हात लावणं भीक मागितल्यासारखं झालं होतं. कधी बोटांना सगळं स्वच्छ कळायचं आणि मी तासभर आनंदात असायचे. कधी सकाळी उठल्यावर हाताला मुंग्या यायच्या, आणि उशीखाली हात दबला होता की दुसरंच काही, हे ठरवत मी चहा गार करायचे. साखर बघायला बोटाला सुई टोचायची, ती दुखली तर बरं वाटायचं. दुखावं म्हणून सुई टोचणारी मी घरात पहिलीच असेन.

तेवढ्यात शेठनी मोठ्या प्लेटांची गोष्ट काढली. नमुना पास झाला की पूर्ण मापाच्या प्लेटा बाहेरून कोरून आणतात, आणि एकदा ऑर्डर गेली की ती फिरवता येत नाही. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"फणस पाठवून देऊ ना?"

"थोडं थांबूया," मी म्हटलं.

"कशाला? सगळे फसले."

"मला एकदा परत बघायचंय."

"मॅडम, तुम्ही फसले म्हणून तर मी खूश आहे. मला दुसऱ्या कोणाचं घेणंदेणं नाय."

तेच तर. त्यांनी माझ्या एका चुकीवर सगळा भरवसा टाकला होता. बोटं धड असतील तर फणस खरंच जमला होता. बोटं गेली असतील तर मी एका बधिर हाताने दुकानादुकानांतून, घराघरांतून खोटी साक्ष पाठवणार होते, आणि कुठला तरी सुतार त्याच्यावर हात फिरवून म्हणणार होता, छे, हे काही लाकडासारखं लागत नाही. त्याचं मला दुःख झालं असतं, पण खरं सांगायचं तर मला त्या सुताराची भीती नव्हती. मला फक्त हे कळायचं होतं की मी आईच्या वाटेला लागले आहे का. आणि ते कळू नये असंही वाटत होतं. मी शेठना आठवड्याची मुदत मागितली. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दिली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. त्याने माझा हात हातात घेतला, बोटं एक एक दाबून बघितली, जसं त्याला त्यातलं काही कळणार होतं, आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जायचं. आता तू काही बोलायचं नाहीस."

डॉक्टर नालासोपाऱ्यातल्याच, आमच्या घरापासून रिक्षाने जवळ. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या टेबलावर माझंच डिझाइन होतं, माझं जुनं सागवान. मी ते बसल्या बसल्या ओळखलं, कारण त्यात एक गाठ आहे जी ठरावीक अंतरावर पुन्हा येते. तेव्हा मला ती लपवता आली नव्हती. कडेला शीट उकलायला लागली होती. मी टेबलाखालून तिथे बोट घातलं आणि काढून घेतलं. नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीवर दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला.

मी त्यांना चादरीची गोष्ट सांगितली, आईची सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. मला उंच बाकावर बसवलं आणि ड्रॉवरमधून एक दांडी काढली. दांडीच्या टोकाला नायलॉनचा दोरा होता, मासे पकडायच्या गळाला असतो तसा, बोटाच्या पेराएवढा लांब.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मी हा टेकवला की 'हो' म्हणायचं. अंदाजाने म्हणायचं नाही."

शेठची आठवण आली. मी डोळे मिटले, तळहात वर करून मांडीवर ठेवले. छाती इतकी धडधडत होती की बोटांतले ठोकेही मला जाणवत होते. आणि मग उजव्या अंगठ्याच्या टोकाला काहीतरी टेकलं. इतकं बारीक, की मुंगीने पाय टेकावा.

"हो."

मग तर्जनीला. हो. करंगळीच्या कडेला. हो. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. हो. तळहाताच्या मध्यभागी. हो, हो. माझा आवाज चढत गेला. एकही सुटला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हात उत्तम आहेत तुमचे. माझ्यापेक्षा बरे असतील."

मी डोळे उघडले तर ते भरून आले होते. नवऱ्याने कोपऱ्यातून मान हलवली, आता तरी पटलं ना अशी. मला एकदम हलकं झालं. म्हणजे फणस खराच होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातांनी असं काही केलं होतं ज्याने माझेच हात फसले. मला शेठना लगेच फोन करून सांगावंसं वाटलं, पाठवून द्या, प्लेटा पाठवून द्या. आई असती तर तिच्या फणसाची गोष्ट तिला सांगितली असती. मी बाकावरून उतरायला लागले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "आलाच आहात तर पायही बघू."

"पाय मी रोज बघते," मी म्हटलं. "आरसा लावून. एक ओरखडा नाही."

"छान करता. चपला काढा, पाय बाकावर घ्या. डोळे मिटा."

मी पाय लांब केले आणि डोळे मिटले. या वेळी छाती धडधडत नव्हती. बाहेर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, वर पंखा कुरकुरत होता. मी मनात प्लेटांचा विचार करत होते, गाठ कुठे घ्यायची, या वेळी ती दोनदा दिसू द्यायची नाही. जरा वेळ गेला. डॉक्टर काही बोलत नव्हत्या. मला वाटलं, त्या दोरा बदलत असतील, पायाला जाड लागत असेल. आणखी थोडा वेळ गेला. नवरा खुर्चीतून उठल्याचा आवाज आला, पिशव्या खाली ठेवल्याचा.

"करा ना सुरू," मी म्हटलं.

मग खांद्यावर नवऱ्याचा हात आला. तो मला लागला, कपड्यावरूनही लागला.

"सुरू करून बराच वेळ झाला," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

मी डोळे उघडले. त्या वाकून उभ्या होत्या. दोरा माझ्या उजव्या पायाच्या तळव्याला टेकून पुरता वाकला होता, आणि मला तो फक्त दिसत होता.